बाप्तिस्म्यानंतरचं पाप

बाप्तिस्मा घेतल्यावर माणसाच्या हातून मोठं पाप घडलं तर त्याचं पुढे काय? पहिल्या चार शतकांतल्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, झोप ज्या प्रश्नांनी उडवली, त्यांत हा प्रश्न अगदी वरचा. त्रैक्यावरच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव कसे यावरच्या, वादांविषयी भरपूर लिहिलं-बोललं जातं, आणि ते वाद महत्त्वाचे आहेतच. पण त्यांत बोलणारे बहुतेक बिशप आणि पंडित. पापक्षमेच्या वादात गुलाम होते, व्यापारी होते, नवऱ्याला सोडून आलेल्या बायका होत्या. म्हणून मला तो जास्त जवळचा वाटतो आणि त्यावरचं जे हाती लागेल ते मी वाचत असते.

अडचण कुठे होती ते आधी सांगते. बाप्तिस्म्याने मागचं सगळं धुतलं जातं याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पाण्यातून वर आलेला माणूस नवा, मग तो आधी कुणीही असो. पण बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तर म्हटलंय की ज्यांना एकदा प्रकाश मिळाला आणि तरी जे पतित झाले, त्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवं करणं अशक्य आहे. हे वचन वाचून किती माणसं हादरली असतील! दुसरीकडे योहानाचं पहिलं पत्र सांगतं की आपण पापं कबूल केली तर क्षमा करायला तो विश्वासू आहे, आणि त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात ‘मरणाला नेणारं पाप’ असाही उल्लेख येतो. पेत्राने येशूला विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर मिळालं, साताच्या सत्तर वेळा. ही सगळी वचनं एकाच मंडळीत, एकाच उपासनेत वाचली जात होती.

काहींनी यातून सोपी वाट काढली: बाप्तिस्माच लांबवायचा. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो 337 साली मरणाच्या दारात घेतला. पुढे मोठा धर्मशास्त्री झालेला ऑगस्टीन लहानपणी पोटदुखीने मरायला टेकला तेव्हा त्याच्या बाप्तिस्म्याची तयारी झाली होती, पण तो बरा झाला आणि घरच्यांनी बेत पुढे ढकलला. मोठेपणी त्याने याबद्दल खेदाने लिहिलंय. माझ्या मते ही वाट भित्रेपणाची होती, आणि तिने मंडळीचं नुकसानही केलं. पण भीती खरी होती, हे मान्य करायला हवं.

दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाचा माणूस होता. पूर्वी गुलाम, नंतर मुक्त झालेला, मुलं वाट चुकलेली, स्वतःच्या मनातल्या वासनेनेही छळलेला. त्याला जे दृष्टांत झाले ते त्याने लिहून ठेवले, आणि काही मंडळ्यांत ते पवित्र शास्त्राच्या तोडीने वाचले जात. मेंढपाळाच्या वेषात आलेल्या देवदूताला हर्मास विचारतो: काही शिक्षक सांगतात की आपण पाण्यात उतरलो तेव्हा मिळाली ती क्षमा शेवटची, त्यानंतर पश्चात्ताप नाही, हे खरं का? देवदूत म्हणतो, बरोबर ऐकलंस. पण माणूस दुबळा आहे आणि सैतान कावेबाज आहे हे प्रभूला ठाऊक आहे, म्हणून त्याने आणखी एक संधी ठेवली आहे. एकच.

याच पुस्तकात एक बुरूज बांधला जात असल्याचं दृश्य आहे. काही दगड बसवले जातात, काही दूर भिरकावले जातात, आणि काही बाजूला काढलेले असले तरी बुरुजाच्या जवळच पडून आहेत. ते कोण? पाप केलेले, पण पश्चात्ताप करू पाहणारे. त्यांना दूर टाकलेलं नाही, कारण अजून ते उपयोगी पडू शकतात. बांधकाम चालू आहे तोवरच मात्र. मला हे फार आवडतं. धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथांत नसलेलं काहीतरी या मुक्त गुलामाने पाहिलं होतं.

‘एकच संधी’ हे सूत्र पुढे रूढ झालं. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन इ.स. 200 च्या सुमारास या दुसऱ्या पश्चात्तापाबद्दल लिहितो तेव्हा त्याची नाखुशी लपत नाही. संधी आहे हे सांगितलं तर लोक बिनधास्त पाप करतील, अशी त्याला धास्ती. पण मग तो जे वर्णन करतो ते वाचताना मी दरवेळी थांबते. पश्चात्ताप करणाऱ्याने गोणपाट नेसायचं, राख फासायची, साधं अन्न खायचं, रात्रंदिवस देवापुढे रडायचं, धर्मगुरूंच्या पायांवर लोळण घ्यायची आणि साऱ्या बंधुभगिनींना सांगायचं की माझ्यासाठी विनवणी करा. हे सगळं उघड, सर्वांसमक्ष. लाज वाटते म्हणून टाळणाऱ्यांना तो विचारतो, लपून नाशाला जाणं बरं की उघडपणे मोकळं होणं? आणि धीर देताना म्हणतो: तू भावांच्या गुडघ्यांना हात लावतोस तेव्हा ख्रिस्तालाच हात लावतोस, ते तुझ्यासाठी रडतात तेव्हा ख्रिस्तच दुःख सोसतो.

हे लिहिणारा माणूस पुढे इतका कठोर कसा झाला याचं मला वाईट वाटतं. माँटॅनिस्टांच्या कडक पंथाकडे वळल्यावर, व्यभिचाराचं पाप क्षमा करू असं जाहीर करणाऱ्या एका बिशपावर तो तुटून पडला. मूर्तिपूजा, व्यभिचार, खून ही तीन पापं मंडळीने क्षमा करायचीच नाहीत, असा त्याचा आग्रह होता. त्याच काळात रोमचा बिशप कॅलिस्टस याच्यावरही ढिलाईचा आरोप झाला. कॅलिस्टस स्वतः एके काळी गुलाम होता आणि सार्डिनियाच्या खाणीत शिक्षा भोगून आला होता. त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचलं ते त्याच्या विरोधकाच्या लिखाणातून: नोहाच्या तारवात कुत्रे, लांडगे, कावळे सगळेच होते, मंडळीतही तसंच असणार.

इथपर्यंत हा प्रश्न एकेकट्या माणसांचा होता. 250 साली तो हजारोंचा झाला.

सम्राट डेशियसने हुकूम काढला की साम्राज्यातल्या सर्वांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसं प्रमाणपत्र घ्यावं. ही प्रमाणपत्रं इजिप्तच्या वाळूत पपायरसवर टिकून राहिली आहेत, चाळीसहून अधिक. मजकूर जवळपास ठरलेला: मी नेहमीच देवतांना अर्पण करत आलो आहे, आणि आताही तुमच्यासमोर हुकमाप्रमाणे अर्पण केलं, पेय ओतलं, प्रसाद चाखला, तुम्ही दाखला द्यावा ही विनंती. खाली साक्षीदार अधिकाऱ्यांच्या सह्या. एवढासा सरकारी कागद, पण त्याने ख्रिस्ती मंडळीची शकलं केली. कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहितो की लोक आपण होऊन चौकात धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी ‘उद्या या’ म्हणाले तर आजच उरका म्हणून गयावया करत होते. आईबाप तान्ह्या मुलांना कडेवर घेऊन गेले. काहींनी बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, काहींनी पैसे चारून कागद तेवढा मिळवला.

छळ ओसरला आणि ही सारी माणसं परत दाराशी आली. आम्हाला आत घ्या.

कल्पना करा, त्याच मंडळीत तुरुंगातून सुटून आलेले लोक होते, ज्यांचे सांधे निखळलेले होते. रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे श्रद्धेसाठी मारले गेलेल्यांच्या, विधवा होत्या. त्यांनी या माणसांच्या शेजारी बसून प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत, एकाच प्याल्यातून प्यायचं? आणि गंमत अशी की तुरुंगात गेलेल्यांपैकीच काही जण अतिशय उदार निघाले. त्यांनी पतितांना शिफारसपत्रं दिली. ‘अमुक माणसाला त्याच्या लोकांसह सामील करून घ्यावं’ अशा मोघम शब्दांत. सिप्रियन हैराण झाला: ‘त्याच्या लोकांसह’ म्हणजे वीस? तीस? नातेवाईक, नोकरचाकर सगळेच?

सिप्रियन स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता आणि लोक त्याला त्याबद्दल बोल लावत होते. अशा स्थितीत त्याला फार कडक होता येत नव्हतं आणि फार सैलही होता येत नव्हतं. 251 साली कार्थेजच्या परिषदेत ठरलं की ज्यांनी फक्त कागद घेतला त्यांना प्रायश्चित्तानंतर घ्यावं. ज्यांनी खरोखर बळी दिला त्यांनी प्रायश्चित्तात राहावं, मरणाच्या वेळी त्यांना शांती, म्हणजे मंडळीत परत जागा, मिळेल. या निर्णयाचं समर्थन करणारं त्याचं एक लांब पत्र आहे, आणि त्यातला एक भाग मला कायद्याच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा शहाणा वाटतो. सगळ्यांना एकाच रांगेत उभं करू नका, असं तो सांगतो. एक जण हाक येताच बळी द्यायला धावला. दुसरा दीर्घकाळ झगडून शेवटी नाइलाजाने गेला. एकाने स्वतःबरोबर सगळ्या घराला ओढलं. दुसऱ्याने बायकोमुलांवर पाळी येऊ नये म्हणून एकट्याने जाऊन सगळ्यांच्या वतीने ते केलं आणि घर वाचवलं. पापाचं नाव दोघांचंही एकच. माणसं वेगळी.

त्याच पत्रात एक गोष्ट आहे जी मला पटत नाही. धडधाकट असताना ज्याने पश्चात्तापाचं नाव काढलं नाही आणि आजार बळावल्यावर क्षमा मागितली, त्याला ती देऊ नये, कारण त्याला मरणाची भीती वाटते आहे, पापाचं दुःख नाही, असं सिप्रियन म्हणतो. असेलही. पण भीतीतून सुरू झालेला पश्चात्ताप तिथेच अडकून राहील हे कशावरून?

याच सुमारास अलेक्झांड्रियात घडलेली एक गोष्ट तिथल्या बिशप डायोनिसियसने एका पत्रात लिहिली आणि इतिहासकार युसेबियसने आपल्या मंडळीच्या इतिहासात जपली. सेरापियन नावाचा म्हातारा. सारं आयुष्य निष्कलंक गेलं, पण परीक्षेच्या वेळी त्याने बळी दिला. नंतर तो पुन्हा पुन्हा क्षमा मागत राहिला. कुणी लक्ष दिलं नाही. मग आजारी पडला, तीन दिवस वाचा गेली, शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी जरा सावध झाला, मुलीच्या मुलाला जवळ बोलावून म्हणाला, बाळा, मला किती वेळ अडकवून ठेवणार? लवकर जा, एखाद्या धर्मगुरूंना बोलावून आण. एवढं बोलून वाचा पुन्हा गेली. मुलगा धावत गेला. रात्रीची वेळ, आणि धर्मगुरू स्वतःच आजारी, येऊ शकत नव्हते. पण डायोनिसियसची आज्ञा होती की मरणाऱ्याने मागितलं, विशेषतः त्याने आधीपासून मागितलं असेल, तर त्याला क्षमा द्यावी, म्हणजे तो आशेने जाईल. म्हणून त्यांनी प्रभुभोजनाच्या भाकरीचा लहानसा तुकडा मुलाच्या हाती दिला आणि सांगितलं, भिजवून आजोबांच्या तोंडात घाल. मुलगा घरात शिरायच्या आधीच म्हातारा पुन्हा सावध झाला. म्हणाला, आलास बाळा? धर्मगुरूंना येता आलं नाही ना? त्यांनी सांगितलंय ते पटकन कर आणि मला सोडव. मुलाने तुकडा भिजवून तोंडात घातला. म्हाताऱ्याने थोडा गिळला आणि प्राण सोडला.

डायोनिसियसने ही गोष्ट उगाच सांगितली नव्हती. पत्र अंत्युखियाचा बिशप फाबियस याला होतं, आणि फाबियस नोवेशियनकडे झुकत होता. नोवेशियन हा रोमचा विद्वान धर्मगुरू. बळी दिलेल्यांना मंडळीने कधीच परत घेऊ नये, असं म्हणत त्याने 251 साली वेगळी चूल मांडली. त्याला खलनायक ठरवायचं मला कारण दिसत नाही. देव क्षमा करणार नाही असं त्याच्या अनुयायांचं म्हणणं नव्हतं. देव करील, पण ते मंडळीच्या हातात नाही, एवढंच. प्रायश्चित्त करा, आशा ठेवा, मात्र आमच्या मेजावर येऊ नका. ऐकायला हे नम्रपणाचं वाटतं. पण सेरापियनच्या खाटेशी उभं राहून हे वाक्य म्हणून पाहावं. निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेच्या वेळी, 325 साली, कॉन्स्टंटाइनने नोवेशियनच्या पंथाच्या अकेसियस या बिशपाला विचारलं की श्रद्धेच्या सूत्राबद्दल तुझा मतभेद नाही, मग वेगळा का राहतोस? अकेसियसने डेशियसच्या काळापासूनचं कारण सांगितलं. त्यावर सम्राट म्हणाला, मग शिडी घे अकेसियस, आणि एकटाच स्वर्गात चढ. त्याच परिषदेने तेराव्या नियमात लिहून ठेवलं की मरणाऱ्या माणसाला त्याची शेवटची शिदोरी, म्हणजे प्रभुभोजन, नाकारू नये.

आता नियमांचं सांगते, कारण या विषयावर लोक नियमांपाशीच अडतात. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने प्रत्येक पापाची मुदत ठरवणारी पत्रं लिहिली. जाणूनबुजून खून करणाऱ्याला वीस वर्षं. त्यातली 4 वर्षं दाराबाहेर उभं राहून आत जाणाऱ्यांना रडत विनवायचं की माझ्यासाठी प्रार्थना करा. पुढची 5 वर्षं शास्त्रवाचन ऐकून बाहेर पडायचं. मग 7 वर्षं गुडघे टेकणाऱ्यांत. शेवटची 4 वर्षं विश्वासूंबरोबर उभं राहायचं, पण प्रभुभोजन घ्यायचं नाही. त्यानंतर मेज खुलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझे आजोबा आठवले, आईचे वडील. ते दर रविवारी मंडळीत सर्वांत मागच्या बाकावर बसत. भाकरीचं ताट समोर आलं की न घेता शेजारच्याकडे सरकवत. त्यांच्या हातून काय घडलं होतं हे घरात कुणालाच कळलं नाही, आजीलाही नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. पाळकांनी त्यांना कधीच मनाई केली नव्हती. शिक्षा त्यांची त्यांनीच ठरवली होती. बासिलच्या पत्रात खुन्यालाही ती शेवटची चार वर्षं संपतात. आजोबांची संपली नाहीत. लोक म्हणतात, काय क्रूर काळ होता तो, वीस वर्षं! मला त्या आकड्यात आधी दिसतो तो शेवट. कुणीतरी अधिकाराने सांगणार होतं की आता पुरे, ये. शिवाय बासिलने हेही लिहिलंय की पश्चात्ताप कळकळीचा दिसला तर ज्याच्याकडे बांधण्या-सोडण्याचा, म्हणजे पापाची क्षमा देण्या-न देण्याचा, अधिकार आहे त्याने मुदत कमी केली तर त्यात दोष नाही. आम्ही काळावरून न्याय करत नाही, पश्चात्तापाची रीत पाहतो.

इजिप्तच्या वाळवंटातले साधू तर याहून पुढे गेले होते. एक जण त्यांच्यातल्या अब्बा (म्हणजे बाबा) पोइमेनकडे आला आणि म्हणाला, मी मोठं पाप केलंय, तीन वर्षं प्रायश्चित्त करायचंय. पोइमेन म्हणाला, फार होतात. मग एक वर्ष? तेही फार. जवळच्यांनी विचारलं, चाळीस दिवस? तेही फारच, आणि मग त्याने सांगितलं: माणूस मनापासून पश्चात्ताप करत असेल आणि पुन्हा ते पाप करायचा त्याचा विचार नसेल, तर देव त्याला तीन दिवसांतही स्वीकारील असं मला वाटतं.

उघड प्रायश्चित्ताची आणखी एक बाजू विद्वान साधू जेरोमच्या एका पत्रात आहे. रोमच्या फाबियस घराण्यातली फॅबिओला. पहिला नवरा दुराचारी होता, तिने त्याला सोडून दुसरं लग्न केलं होतं. मंडळीच्या लेखी हे पाप. दुसरा नवरा वारल्यावर ईस्टरच्या आदल्या दिवशी ती लॅटरनच्या महामंदिरात केस मोकळे सोडून, निस्तेज चेहऱ्याने पश्चात्ताप करणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली. जेरोम सांगतो की बिशप, धर्मगुरू आणि सगळे लोक तिच्याबरोबर रडले. पुढे तिने मालमत्ता विकून रोममध्ये आजाऱ्यांसाठी रुग्णालय काढलं आणि इतरांना बघवत नसत अशा जखमा स्वतःच्या हातांनी धुतल्या. पहिल्या नवऱ्याला सोडलं यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण रडणारा तो जमाव मी विसरू शकत नाही. थेस्सलनीकात सम्राटाच्या सैनिकांनी केलेल्या कत्तलीनंतर, 390 साली, मिलानच्या बिशप अँब्रोजने सम्राट थिओडोसियसला प्रायश्चित्त करायला लावलं, आणि त्याने राजवस्त्रं उतरवून चारचौघांत अश्रू गाळले, तेव्हाही रीत हीच होती. सम्राटाला वेगळा दरवाजा नव्हता.

एक गाठ मात्र सुटायची राहिली. उघड प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच. मग त्यानंतरही पडलेल्याचं काय? ऑगस्टीनने मॅसिडोनियस या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात याला हात घातला. औषध स्वस्त होऊन निरुपयोगी ठरू नये म्हणून मंडळी दुसऱ्यांदा ती जागा देत नाही, हे तो मान्य करतो. पण लगेच विचारतो, देवाला कोण म्हणू धजेल की या माणसाला तू पुन्हा का वाचवतोस? म्हणजे मंडळीचं दार बंद आणि देवाचं उघडं. ऑगस्टीनचा मी फार आदर करते, पण इथे तो नोवेशियनच्या अंगणात उभा आहे, आणि त्याला ते जाणवलं असावं असं मला वाटतं.

गाठ सुटली ती दुसरीकडूनच. आयर्लंडच्या मठांमध्ये खासगीत, हवी तितक्या वेळा पापकबुली देण्याची रीत वाढली. 589 साली टोलेडोच्या परिषदेत बिशपांनी संतापून नोंद केली की स्पेनच्या काही मंडळ्यांत लोक पाप घडेल तेव्हा तेव्हा धर्मगुरूंकडे जाऊन क्षमा मागतात, आणि हा निंद्य प्रकार बंद झाला पाहिजे. तो बंद झाला नाही. 1215 साली लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा अशी कबुली सर्वांना बंधनकारक केली, तेव्हा टोलेडोने निषिद्ध ठरवलेलीच रीत नियम बनलेली होती. या बदलात फॅबिओलाबरोबर रडणारी माणसं गेली, आणि ते नुकसान छोटं नाही. कानात सांगितलेल्या पापासाठी शेजारी गुडघे टेकत नाहीत. तरीही निवडायची वेळ आली तर मी स्पेनमधल्या त्या धर्मगुरूंच्या बाजूने उभी राहीन. तिसऱ्यांदा, दहाव्यांदा आलेल्या माणसाला त्यांनी ‘तुझी संधी संपली’ असं सांगितलं नाही.